पाणी पेरणारे पाट

स्पेनच्या दक्षिणेला, ग्रानादा शहर आणि भूमध्य समुद्र यांच्या मध्ये सिएर्रा नेवादाची डोंगररांग आहे. तिचे मुलासेन हे शिखर 3,479 मीटर उंच; अख्ख्या इबेरियन द्वीपकल्पात त्याहून उंच जागा नाही. तिथून समुद्र सरळ रेषेत 40 किलोमीटरही दूर नाही. या रांगेच्या दक्षिण उताराला आल्पुहार्रा म्हणतात. खोल घळी, त्यांच्या कडांना चिकटून बसलेली पांढरी गावे, चेस्टनटची झाडे, पायऱ्यापायऱ्यांची शेते असा हा मुलूख. पायी भटकणाऱ्यांचा तो फार लाडका आहे. इथे येणारा माणूस पोकेइराच्या दरीतली पाम्पानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही गावे पाहतो, बर्फाची शिखरे पाहतो, त्रेवेलेझच्या थंड हवेत वाळवलेल्या हॅमची चव घेतो. ज्या वाटेने तो चालतो तिच्या शेजारून जाणारा अरुंद मातीचा पाट मात्र त्याच्या नजरेतून सुटतो. माझ्या मते आल्पुहार्रातली सर्वांत मोठी ऐतिहासिक वास्तू तो पाटच आहे.

या पाटाला तिथे आसेकिया म्हणतात आणि पाटकऱ्याला आसेकिएरो. पाट दोन प्रकारचे. एक गावाजवळचे, शेताला आणि मळ्याला पाणी पाजणारे. त्यांचे काम कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. दुसरे खूप वर, जिथे शेती नाहीच अशा उंचीवर, उघड्या माळांवरून जाणारे. त्यांना कारेओचे पाट म्हणतात, आणि सगळी करामत त्यांच्यात आहे.

अडचण अशी की डोंगरावर पाणी येते हिवाळ्यात, बर्फाच्या रूपाने, आणि उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडतच नाही. वसंतात ऊन तापले की बर्फ भराभर वितळते, ओढे फुगतात आणि पाणी घळींतून ग्वादालफेओ नदीला मिळून समुद्राकडे निघून जाते. मे महिन्यात पाणी नकोसे होईल इतके, आणि ऑगस्टमध्ये पिकांच्या तोंडचे पाणी पळालेले. या उतारावर वर कुठे मोठे धरण बांधायला ना जागा होती ना साधने. तेव्हा इथल्या माणसांनी पाणी साठवायला डोंगरच वापरला.

वितळू लागलेल्या ओढ्यात दगड, फांद्या आणि मुळांसकट काढलेली गवताची ढेकळे रचून आडवा बांध घालायचा. त्याने वळलेले पाणी उताराला आडव्या, अगदी मंद उताराच्या पाटात घ्यायचे. आसेकिएरो खांद्यावर कुदळ टाकून त्याच्या काठाने चालत राहतो; कुठे दरड आली असेल तर उपसतो, कुठे काठ फुटला असेल तर ढेकूळ लावतो. मग ठरलेल्या जागी तो दार फोडतो आणि पाणी माळावर सोडून देतो. तिथे पाणी पसरते, मुरते, दिसेनासे होते. अशा जागांना सिमा म्हणतात, आणि या मुरवण्याला कारेओ. नवख्याला वाटेल की पाणी वाया घालवले. पण या डोंगराचा खडक अभ्रकी शिस्ट जातीचा आहे, आणि त्याचा वरचा थर झिजून, तडे जाऊन सच्छिद्र झालेला आहे. त्या थरातून पाणी हळूहळू सरकते आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, खालच्या झऱ्यांतून बाहेर येते. नेमके तेव्हा, जेव्हा शेताला त्याची गरज असते. महाराष्ट्रातल्या पाझर तलावामागचा विचारही मुळात हाच आहे.

कुठल्या सिमात सोडलेले पाणी कुठल्या झऱ्याला आणि साधारण किती दिवसांनी येते, हे जुने आसेकिएरो जाणतात. हे ज्ञान त्यांनी डोंगर चालून, पिढ्यान्‌पिढ्या बघून मिळवले. स्पेनच्या भूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बेर्चुलेस गावाच्या वरच्या खोऱ्यात पाटांचे, झऱ्यांचे आणि नदीचे प्रवाह मोजले, तेव्हा त्यांना हेच दिसले की कारेओमुळे वसंतातले पाणी उशिरा उतरते आणि उन्हाळ्यातले झरे त्यावर तग धरतात. भूजल मुद्दाम भरण्याची युरोपातली ही सर्वांत जुनी व्यवस्था असावी, असे अभ्यासक मानतात. अभ्यासासाठी गेलेल्या माणसांनी आसेकिएरोंना गुरू मानले, हे मला त्या संशोधनातले सर्वांत चांगले वाटते.

हे पाट ज्यांनी खणले ते या मातीत राहिले नाहीत. आठव्या शतकापासून उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अरब आणि बर्बर लोकांनी या उतारावर वस्ती केली, पायऱ्या बांधल्या, पाट काढले, तुती लावून रेशीम पिकवले. मुलासेन शिखराचे नावच ग्रानादाचा सुलतान अबुल हसन अली याच्यावरून पडले आहे; तो शिखरावर पुरला आहे अशी आख्यायिका आहे. त्याचा मुलगा बोआब्दिल याने 2 जानेवारी 1492 रोजी ग्रानादा कॅथलिक राजाराणीच्या हवाली केले. तहात त्याला आल्पुहार्राची जहागीर मिळाली, पण दोन वर्षांच्या आत तो समुद्र ओलांडून मोरोक्कोला गेला. प्रजा मागेच राहिली. तिला सक्तीने ख्रिस्ती केले गेले, 1567 मध्ये दुसऱ्या फेलिपेने तिची अरबी भाषा, पोशाख आणि चालीरीतींवर बंदी घातली. 1568 च्या नाताळात आल्पुहार्रा पेटला. वालोरच्या घराण्यातला फेर्नांदो हा आबेन हुमेया या नावाने राजा झाला आणि पुढच्याच वर्षी आपल्याच माणसांच्या हातून मारला गेला. बंड राजाचा सावत्र भाऊ डॉन हुआन याने मोडले, आणि या लोकांना, ज्यांना मोरिस्को म्हणत, ग्रानादाच्या राज्यातून हाकलून देण्यात आले.

रिकाम्या गावांत उत्तरेकडून, गालिसिया, लेओन, कास्तिया अशा प्रदेशांतून नवी कुटुंबे आणून वसवली गेली. त्यांच्यातल्या अनेकांना अशा उतारावर दारे धरायचे काम ठाऊक नव्हते. जमिनी वाटण्यासाठी सरकारी कारकुनांनी गावोगाव मोजणी करून वह्या लिहिल्या. त्यांत शेत, झाड, गिरणी यांच्याबरोबर पाण्याच्या पाळ्याही आल्या, आणि मोरिस्कोंच्या काळी जशी वहिवाट होती तशीच पुढे चालावी असे ठरले. पाणी शिकवण्यासाठी गावागणिक दोन मोरिस्को कुटुंबे मागे ठेवली होती, असे आल्पुहार्रात आजही सांगतात. एका समाजाची भाषा, धर्म, नावे सगळे पुसून टाकणाऱ्या राजवटीला त्याचे पाणीवाटप मात्र जसेच्या तसे उचलावे लागले. या इतिहासातली ही गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करते.

घरांतही तो वारसा दिसतो. कौलांऐवजी सपाट धाबी, चेस्टनटच्या तुळया, वर दगडी पातळ फरश्या आणि त्यांवर लाउना नावाच्या करड्या चिकणमातीचा थर, जो पावसात ओला होऊन घट्ट बसतो. मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पर्वतातली बर्बर गावे अशीच दिसतात.

पाट टिकला तो पाळीमुळे. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला. कोणाला कोणत्या वारी किती तास, हे ठरलेले. रात्रीचे पाणी आल्बेर्का नावाच्या हौदात साठवायचे आणि दिवसा शेताला द्यायचे. वसंताच्या सुरुवातीला पाट साफ करायला सगळ्या वाटेकऱ्यांनी यायचे, किंवा आपल्या वाट्याचा मोबदला द्यायचा. 1879 च्या जलकायद्याने अशा पाणीवापर मंडळांना कायद्याची चौकट दिली, पण मंडळे त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून माणसे पांगली. कोणी बार्सेलोनाला, कोणी जर्मनीला, नंतर कोणी खाली आल्मेरियाच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या छपराखाली भाजी पिकवायला. आधी वरची शेते पडीक झाली, मग वरचे पाट ढासळले. आणि जिथे पाट राहिले तिथे दुसरे संकट आले: सिमेंट आणि नळ. मातीच्या पाटातून वाटेतच पाणी गळते, ते वाचवा, असा सल्ला. कागदावर तो बरोबर दिसतो. पण त्या गळतीवर काठचे चेस्टनट जगतात, कडेची कुरणे हिरवी राहतात, खालचे झरे वाहतात. पाट सिमेंटचा केला की काही वर्षांत काठची मोठी झाडे वाळू लागतात. इथे पाझर हेच पाटाचे काम आहे, आणि ज्या हिशेबात पाझर ‘तोटा’ म्हणून मांडला जातो तो हिशेब या डोंगराला लागू करणे हे अज्ञान आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

उलट दिशेचे कामही सुरू झाले आहे. ग्रानादा विद्यापीठातले मध्ययुगाचे पुरातत्त्वज्ञ होसे मारिया मार्तिन सिवान्तोस यांच्या गटाने 2014 मध्ये कान्यार गावाचा बार्खास हा पाट पुन्हा वाहता केला. तो काही दशके कोरडा होता. गावकरी, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांनी कुदळ-फावडे घेऊन तो उपसला. तेव्हापासून या गटाने गावोगावच्या मंडळांबरोबर आणखी पाट मोकळे केले आहेत. पुरातत्त्वज्ञाने आपली वास्तू कुंपण घालून जपण्याऐवजी वापरात आणून जपावी, हे मला योग्य वाटते. मात्र एकदा उपसून भागत नाही. दरवर्षी दरडी येतात, झुडपे वाढतात, आणि रोज डोंगर चालेल असा पगारी आसेकिएरो मिळणे गावांना जड जाते. बर्फही आता पूर्वीइतके टिकत नाही. ते जितक्या घाईने वितळेल तितकी ते मुरवण्याची गरज मोठी.

सिएर्रा नेवादा 1986 पासून युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आणि 1999 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. वनस्पतींच्या 2,000 हून अधिक जाती इथे आहेत, त्यांतल्या काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. खडकांवर रानबोकड सहज दिसतात. उंचावर बर्फाच्या पाण्याने भिजलेली हिरवी कुरणे आहेत, त्यांना बोर्रेगिलेस म्हणतात. पाट पाहायचे असतील तर कापिलेइराहून पोकेइराच्या दरीत वर निघणारी वाट धरावी. लांबचा पल्ला आहे, पण पाट समपातळीत जात असल्याने त्याच्या काठची चाल सोपी असते. कारेओ चालू असताना पाहायचा तर एप्रिल ते जूनमध्ये जावे. ऑगस्टमध्ये वरचे पाट बहुधा कोरडे भेटतात. त्यांतले पाणी तेव्हा खाली, गावातल्या कारंज्यात भरून घेता येते.