पैसे भरून छापलेला पेपर

“ताई, हे बघा ना. इंटरनॅशनल जर्नलमध्ये चार दिवसांत छापून देतो म्हणतात. पैसे तेवढे आधी भरायचे!” धाकट्या जावेनं मोबाइल माझ्यापुढे धरला. ती कॉलेजात शिकवते आणि रात्री मुलं झोपली की पीएच.डी.चं लिहीत बसते. तिला ‘थांब’ म्हणणं जड गेलं, पण म्हटलं. कारण मीही एकदा असेच पैसे भरले होते. पेपर छापून आला, पेढेसुद्धा वाटले. पुढे मुलाखतीत एका मॅडमनी जर्नलचं नाव वाचलं आणि फाइल नुसती मिटली.

“पण आयएसएसएन नंबर आहे की!” असेल. मैत्रिणींनो, तो नुसता ओळख क्रमांक, दर्जाचा दाखला नव्हे. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली १००९ जर्नल्स तपासली. निकषांत बसली जेमतेम ११२! त्याच वर्षी यूजीसीनं ४३०५ नावं यादीतून काढली. मग ‘केअर’ यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे आता पारख आपणच करायची. जुने अंक उघडून वाचावेत, संपादक मंडळातली माणसं खरंच तिथं काम करतात का बघावं. फी घेणारं प्रत्येक जर्नल खोटं नसतं, पण चार दिवसांत पेपर वाचून, तपासून कोण देईल हो? शिवाय २०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम मात्र विचारून घ्यावा.

जावेच्या पेपरचं नाव होतं, ‘सोलापुरातील महिला विडी कामगारांच्या समस्या : एक अभ्यास’. एवढ्या गाठोड्यात काय काय बांधणार? आम्ही दोघी भाजी निवडत बसलो आणि एकच प्रश्न निवडला. कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं झाली. हक्काचं घर आल्यावर बाईचा दिवस किती बदलला? मग सुरुवातीची चार पानं, ‘भारत हा खेड्यांचा देश आहे’ वगैरे, आपोआप गळाली. किती जणींशी बोलली, त्या कशा निवडल्या, केव्हा भेटली, हे आधी लिहिलं. इतरांचे प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात. वाचावेत, उतरवू नयेत. दहा टक्क्यांपेक्षा जास्त साम्य निघालं तर २०१८ च्या नियमानं कारवाई होते.

तिनं पेपर फी न घेणाऱ्या एका जर्नलला पाठवला. पाच महिन्यांनी परत आला, सोबत दोन पानं शेरे! बाईसाहेब ओट्याशी उभ्या राहून रडल्या. रात्री मी ते शेरे वाचून दाखवले. एक असा होता : ‘मजुरी नोंदवली आहे, पण खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जातात, ते धरले का?’

ती गप्प झाली. मग म्हणाली, “हे मला एकीनं सांगितलं होतं, ताई. मीच लिहून घेतलं नाही.”

रविवारी डबा करून, वही घेऊन ती पुन्हा कुंभारीच्या बसमध्ये बसली.