शिवणीतील माया

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा होत, हे प्रत्येकाने शाळेत पाठ केलेले असते. यांपैकी वस्त्राच्या गरजेविषयी असा एक समज रूढ आहे की, कापड मुबलक झाले, दुकाने मालाने भरली आणि खरेदीदाराच्या हाती चार पैसे खेळू लागले, म्हणजे ही गरज आपोआप भागते. हा समज किती अपुरा आहे, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने बंगळूरसारख्या शहरात पन्नाशी उलटलेल्या एखाद्या गृहिणीबरोबर बाजारात एक फेरी मारावी. तिला लग्नसमारंभासाठी भरजरी शालू नको असतो. तिला हवे असतात ते रोज अंगावर घालण्याजोगे, नीट बेतलेले, अंगाला सुखकर आणि चारचौघांत शोभून दिसणारे दोन-चार साधे कपडे. चिकपेटेतील साड्यांची दुकाने, कमर्शियल स्ट्रीटवरील तयार कपड्यांची दुकाने आणि जयनगर व मल्लेश्वरम् येथील बाजार एवढे पालथे घालूनही ती पुष्कळदा रिकाम्या हाताने घरी परतते.

ही गोष्ट बंगळूरमध्ये घडावी यात मोठा विरोधाभास आहे, कारण हे शहर वस्त्राच्या आधारानेच वाढलेले आहे. केम्पेगौडाने १५३७ साली वसविलेल्या जुन्या गावात व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या पेठा होत्या. कब्बनपेटेत विणकरांचे माग चालत. १६३८ साली विजापूरच्या आदिलशाही सैन्याने हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून या शहराचा मराठी भाषेशी संबंध जडला. शिवणे, रंगविणे आणि कापडावर छपाई करणे हे ज्यांचे परंपरागत व्यवसाय, त्या नामदेव शिंपी आणि भावसार क्षत्रिय समाजांतील कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत आहेत आणि एका निराळ्या वळणाची मराठी अद्याप घरात बोलत आहेत. १८८४ साली येथे लोकरी, सुती व रेशमी कापडाची मोठी गिरणी निघाली. गेल्या चार-पाच दशकांत पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता आणि होसूर रस्ता या भागांत तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले. त्यांत लाखो कामगार राबतात आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. युरोप-अमेरिकेतील दुकानांत टांगलेल्या कपड्यांवर ‘भारतात तयार झालेले’ अशी जी चिठ्ठी असते, तिच्यामागे पुष्कळदा बंगळूरच्या एखाद्या स्त्रीचे हात असतात. ज्या शहरातील स्त्रिया साऱ्या जगासाठी शिवतात, त्या शहरातील प्रौढ स्त्रीला अंगात नीट बसणारा पोलका मिळू नये, याची कारणे शोधण्याजोगी आहेत.

पहिले कारण मापाचे. तयार कपडा कोणा एका व्यक्तीसाठी शिवलेला नसतो. कारखान्यात प्रथम एक मूळ माप ठरवितात. त्या मापाचा कागदी नमुना करतात आणि मग छाती, कंबर, खांदा, बाही यांत ठराविक अंतराने वाढ किंवा घट करून लहानमोठी मापे सिद्ध करतात. या पद्धतीत एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, स्थूल शरीर म्हणजे सडपातळ शरीराचीच मोठी आवृत्ती होय. हे मूळ माप बहुधा तरुण शरीराचे असते.

मापांच्या शास्त्राचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेच्या कृषिखात्याने १९३९-४० साली सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. इतक्या मोठ्या प्रमाणावर झालेला स्त्रियांच्या मापांचा हा पहिलाच शास्त्रीय प्रयत्न होता. परंतु गौरेतर स्त्रियांची मापे घेऊनही अखेरच्या हिशेबात ती वगळण्यात आली. या पाहणीच्या पायावर १९५८ साली तेथे प्रमाणित मापांचा तक्ता प्रसिद्ध झाला. तो लोकांच्या प्रत्यक्ष शरीरांशी जुळेना, म्हणून १९८३ साली मागे घ्यावा लागला. पंचावन्न वर्षांवरील स्त्रियांचे शरीर निराळे मोजले पाहिजे, हे तेथील मानककारांनी मान्य केले ते १९९० नंतरच्या दशकात, आणि तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र तक्ते निघाले. भारतात दीर्घकाळ स्वतःचा असा राष्ट्रीय तक्ताच नव्हता. परदेशी तक्त्यांत थोडाफार फेरफार करून प्रत्येक उत्पादक आपापले माप ठरवी. त्यामुळे एका दुकानातील ‘मोठे’ ते दुसऱ्या दुकानातील ‘मध्यम’ ठरे. हा गोंधळ दूर करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेमार्फत २५ हजार भारतीयांची मापे यंत्राच्या साहाय्याने घेण्याची योजना २०१८ साली जाहीर झाली. ही योजना स्वागतार्ह आहे. मात्र तिची वयोमर्यादा १५ ते ६५ वर्षे अशी आहे. पासष्टीपलीकडील स्त्री या मोजणीतही उंबरठ्याबाहेरच राहते.

वयाबरोबर शरीरात होणारा बदल हा केवळ आकारमानाचा नसतो, घडणीचाही असतो. पाठीचा वरचा भाग किंचित वाकतो, त्यामुळे पाठीची लांबी वाढते आणि पुढची लांबी घटते. खांदे उतरतात, छाती खाली येते, कंबर व पोट यांतील भेद पुसट होतो, दंड जाड होतात. अशा शरीरावर तरुण मापाचा कपडा चढविला की, पाठीमागची कड वर ओढली जाते आणि पुढे गळ्याशी कापड सैल पडते. छातीला पुरावे म्हणून एक माप वरचे घ्यावे, तर त्याबरोबर खांदा आणि गळाही वाढलेला असतो, आणि खांद्याची शिवण दंडावर उतरते. दंडाला बाही काचते म्हणून आणखी मोठा कपडा घ्यावा, तर तो अंगावर नुसता लोंबतो. आरशासमोर उभी राहिलेली स्त्री अशा वेळी दोष देते तो आपल्या शरीराला. वास्तविक दोष बेतण्याचा असतो.

यात शरीराच्या हालचालींचाही विचार करावा लागतो. सांधे धरलेल्या स्त्रीला हात पाठीमागे नेऊन हूक लावता येत नाही. बोटे आखडली म्हणजे बारीक बटण काजातून निघत नाही. ऋतुनिवृत्तीच्या काळात अंगातून उष्णतेच्या लाटा उठतात, तेव्हा घाम न टिपणारे कृत्रिम धाग्याचे कापड असह्य होते. स्वतःचे कपडे स्वतःला घालता येणे आणि त्यासाठी सुनेला अथवा लेकीला हाक मारावी न लागणे, यात माणसाची केवढी प्रतिष्ठा सामावलेली असते, हे ती गेल्यावाचून कळत नाही.

या सर्व अडचणींचा आपल्या जुन्या पोशाखात विचार केलेला होता. साडीला माप नसते. शरीर भरले, वाळले किंवा वाकले तरी निऱ्या कमी-अधिक करून तीच साडी नेसता येते. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात सारखीच प्रिय असलेली इलकलची साडी विसाव्या वर्षी नेसणारी स्त्री सत्तराव्या वर्षीही तीच नेसे. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी तर या दृष्टीने फारच विचारपूर्वक घडविलेली होती. ती पुढून गाठ मारून घट्ट किंवा सैल करता येई. हूक आणि बटणे यांचे माप एकदा शिवले की कायमचे ठरते. गाठीचे माप मात्र नेसणारीच्या हाती राही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अंगाबरोबर बेतलेला, हुकांचा पोलका शहरांतून प्रचारात आला. चोळी गेली तशी ती गाठही गेली आणि स्त्री शिंप्यावर अवलंबून राहू लागली. याचा अर्थ जुन्याकडे परत जावे असा नव्हे. गुडघे आखडलेल्या स्त्रीला नऊवारी नेसणे आणि दिवसभर सावरणे सुखाचे नसते, आणि शहरातील बसमध्ये चढताना सहावारीच्या निऱ्याही पायांत येतात. त्यामुळे अनेक प्रौढ स्त्रिया कुर्ता आणि सलवार यांकडे वळल्या, हे योग्यच झाले. परंतु साडी जी मोकळीक देई ती शिवलेल्या कपड्यात आणावयाची, तर शिवणाऱ्याला अधिक विचार करावा लागतो, आणि तोच आज होत नाही.

याचा परिणाम बंगळूरच्या कोणत्याही वस्तीत सकाळी दिसतो. प्रौढ स्त्रियांचा दैनंदिन पोशाख म्हणून ‘नायटी’ हा पायघोळ झगा घरोघरी रुजला आहे. भाजीवाला दारात आला की त्यावर एक पंचा किंवा ओढणी टाकावयाची, एवढेच. नायटीवर टीका करणे सोपे आहे. परंतु प्रौढ शरीराला कोठेही न काचता सामावून घेणारा, सुती, स्वस्त आणि तयार मिळणारा तोच एक कपडा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. अडचण अशी की, तो घालून बँकेत, वाचनालयात किंवा स्नेह्यांकडे जाता येत नाही. बाहेर जायचे म्हणजे सारा पोशाख बदलावा लागतो, आणि तो काचणारा, न शोभणारा असला म्हणजे ‘आज राहू दे’ असे मन म्हणते. अशी एकेक फेरी टळत जाते आणि घराबाहेरचे जग आक्रसत जाते. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

मग शिंप्याकडे का जाऊ नये? गांधीबझारात किंवा मल्लेश्वरमात शिंपी आजही आहेत. परंतु त्यांचे अर्थकारण बदलले आहे. नवरीच्या पोलक्यावर भरतकाम करून जी मजुरी सुटते, तिच्या मानाने रोजच्या साध्या पोलक्याची मजुरी फारच थोडी असते. दोहोंना बेतण्याचे श्रम मात्र जवळजवळ सारखेच पडतात. त्यामुळे साधे काम मागे पडते, किंवा घाईने उरकले जाते. शिवाय ‘मापाचा’ म्हणून जुना पोलका देण्याची आपली रीत घातक आहे. दहा वर्षांपूर्वीच्या शरीराचे माप त्यात गोठलेले असते आणि जुनी चूक नव्या कापडात पुन्हा उतरते. कारखान्यांत शिकलेल्या हातांचाही येथे उपयोग होत नाही, कारण तेथे कामाची विभागणी झालेली असते. एक कामगार दिवसभर बाह्याच जोडते, दुसरी केवळ कॉलर शिवते. सहस्रावधी बाह्या जोडूनही अखंड कपडा बेतण्याची विद्या तिला लाभत नाही. तीही एक दिवस प्रौढ होते, आणि तिच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो.

यावर काही उपाय आजही हाती आहेत. दर दोन-तीन वर्षांनी माप नव्याने द्यावे. पाठीची आणि पुढची लांबी निरनिराळी मोजावयास सांगावे, आणि खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचे अंतर घेण्याचा आग्रह धरावा, म्हणजे चिमट्या योग्य जागी पडतात. मुंढा फार खोल न ठेवता काखेजवळ नीट बसवावा. मुंढा खोल असला की हात वर करताच सारा कपडा वर ओढला जातो. बाही कोपरापर्यंत व दंडाला मोकळी असावी. हूक पुढे आणि मोठे असावेत. सुती कापड बेतण्यापूर्वी भिजवून वाळवावे. कुर्त्याला एक खिसा असावा, कारण चष्मा आणि औषधाची गोळी यांना जागा लागते. रंगांच्या बाबतीतही ‘या वयात आता काय’ हा शेरा मनावर घेऊ नये. तरुणींची नक्कल करणे किंवा राखी-तपकिरी रंगात विरून जाणे, एवढे दोनच मार्ग प्रौढ स्त्रीपुढे आहेत असे नाही. शोभणे हे वयाला सोडून नसते, आणि ते वयाबरोबर संपतही नाही.

व्यापाऱ्यांनीही हिशेब पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील स्त्रियांची संख्या ५ कोटींहून अधिक होती, आणि ती वाढतच आहे. एवढ्या मोठ्या ग्राहकवर्गासाठी निराळे बेतलेले माप काढणे म्हणजे उपकार नव्हे, तो चोख व्यवहार ठरेल. जगाच्या मापाने शिवणाऱ्या बंगळूरला हे अवघड नाही.

शिवणकामात एक जुना शब्द आहे : माया. शिवणीच्या आत जे थोडे जास्तीचे कापड राखून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरले तर शिवण उसवून कपडा वाढविता यावा, ही त्यामागची दृष्टी. मुलीचा परकर शिवताना आई माया ठेवी आणि शिंपीही न सांगता ठेवी. कारखान्यात यंत्र शिवणीबरोबरच कडेचे कापड छाटून टाकते. त्यात कापडाची बचत होते, परंतु उद्याची सोय राहत नाही. माणसाचे शरीर बदलणारच, हे मान्य करून कपडा शिवणे हीच ती माया होय. ज्या आईने मुलांच्या परकरांत आणि सदऱ्यांत ती आयुष्यभर ठेवली, तिच्या पोलक्यात ती कोणीतरी ठेवावी, एवढीच या साऱ्या चर्चेची अपेक्षा आहे.