थोराड कुत्र्याची जोपासना

गेल्या कांहीं वर्षांत ऊंस व द्राक्षें पिकविणाऱ्या आपल्या भागांत बिबळ्याची ये-जा वाढली, आणि तिच्याबरोबर वस्तीवर थोराड विलायती कुत्रें बाळगण्याची हौसही वाढली. दाराशीं असें एक जनावर असलें म्हणजे निर्धास्त झोंप लागते, अशा समजुतीनें पुष्कळ शेतकरी बंधू ग्रेट डेनचें पिल्लूं विकत आणतात. मीं स्वतः अशीं दोन कुत्रीं पाळलीं. पहिलें माझ्या अज्ञानामुळें गेलें. दुसरें हा मजकूर लिहितांना ओट्यावर निजलेलें आहे.

नांवांत डेन्मार्कचा उल्लेख असला तरी ही जात जर्मनीची. रानडुकराच्या शिकारीसाठीं तेथील सरदार लोक ती बाळगीत. १८७८ सालीं बर्लिन येथें जाणत्या मंडळींनीं एकत्र बसून तिचें जर्मन नांव कायम केलें, व १८८० सालीं तिचीं लक्षणें ठरविण्यांत आलीं. पुऱ्या वाढीच्या नराची उंची खांद्याशीं ७६ सेंटिमीटरांहून अधिक व वजन सुमारें ५५ ते ९० किलो भरतें. जन्मतः मात्र पिल्लूं अर्धा-पाऊण किलोचें असतें; तेंच वर्षभरांत पन्नास किलोच्या घरांत जातें. सारी गोम या झपाट्यांत आहे.

वासरूं लवकर अंगीं लागावें म्हणून आपण खुराक वाढवितों, आणि त्याच न्यायानें या पिलासही दूध, तूप, अंडीं व वर कॅल्शियमचें औषध चारतों. हें प्रेम त्याच्या हाडांवर उठतें. अमेरिकेंत १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ग्रेट डेनच्या कांहीं पिलांस हवें तितकें खाऊं दिलें व कांहींस त्याच्या दोन-तृतीयांशच दिलें. मनसोक्त खाणाऱ्यांच्या हाडांत व सांध्यांत अधिक दोष उत्पन्न झाले. हॉलंडांतील उट्रेक्ट विद्यापीठांत याच जातीच्या पिलांवर कॅल्शियमचे प्रयोग झाले. त्यांतून असें दिसलें कीं, कोंवळ्या पिलास जादा कॅल्शियम अडवितां येत नाहीं. तें अंगांत भिनतें आणि हाडांची घडण बिघडते. म्हणून मोठ्या जातीच्या पिलांचें म्हणून जें तयार खाद्य मिळतें तें मापानेंच द्यावें. बरगड्या हातास लागाव्या, परंतु डोळ्यांत भरूं नयेत, इतपत अंग पुरे. केवळ भाकरी-ताकावरही हें जनावर पोसत नाहीं. दीड वर्षाचें होईतों त्यास मोटारसायकलमागें पळवूं नये.

आतां मोत्याची हकीगत सांगतों. तो तीन वर्षांचा होता. सुगीच्या गडबडींत एके दिवशीं सकाळीं त्यास वाढण्याचें राहून गेलें. सारी नोकरी हजेरी व हिशोब लिहिण्यांत घालविलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी! संध्याकाळीं मीं दोन्ही वेळचें एकदम वाढलें. त्यानें तें घटाघट संपविलें, वर बादलीभर पाणी प्याला आणि मळ्यांत शिरलेल्या डुकरांमागें धांवला. रात्रीं नवाच्या सुमारास तो येरझाऱ्या घालूं लागला. ओकारी आल्यासारखें करी, परंतु फेंसापलीकडे कांहीं पडेना. पोट नगाऱ्यासारखें ताठलें होतें. आम्हीं अजीर्ण समजून ओंव्याचें पाणी पाजलें आणि सकाळीं तालुक्यास नेऊं असें ठरवून निजलों. पहांटे घरच्या मंडळींनीं हांक मारली तेव्हां त्याचें अंग गार झालें होतें.

पुढें पशुवैद्यांनीं समजावून सांगितलें तें असें: मोठ्या व खोल छातीच्या कुत्र्यांचें जठर वायूनें फुगतें व पिळलें जातें. मग वायु ना वर जाऊं शकतो ना खालीं. रक्ताचा पुरवठा तुटतो, आणि कांहीं तासांत जीव जातो. यावर घरगुती औषध नाहीं, शस्त्रक्रियाच करावी लागते. रिकामी ओकारी आणि ताठलेलें पोट दिसतांच, रात्रीं बाराही वाजलेले असोत, गाडी काढावी. रात्रीं अशी शस्त्रक्रिया कोठें होते याची चौकशी पिल्लूं आणण्यापूर्वींच करून ठेवावी. मीं ती केली नव्हती.

दुसरी कुत्री गंगी. पिलें होऊं नयेत म्हणून तिची शस्त्रक्रिया केली त्याच वेळीं तिचें जठर पोटाच्या भिंतीस टांक्यांनीं जोडून घेतलें. त्यानें पोट फुगण्याचें टळतेंच असें नाहीं, पण पीळ पडण्याचें भय फारच कमी होतें. तिला दिवसांतून तीनदां थोडें थोडें वाढतों व खाण्यानंतर तासभर मोकळें सोडीत नाहीं. मान वांकवावी लागूं नये म्हणून पुष्कळ लोक भांडें उंच घडवंचीवर ठेवतात. परंतु अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, उंचावरील भांड्यांतून खाणाऱ्या थोराड कुत्र्यांत हा विकार अधिक आढळला. आम्हीं तें भुईवरच ठेवतों.

द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचे गुरदे निकामी होऊं शकतात, कांद्यानें रक्त बिघडतें. तेव्हां बागेंतील व चाळींतील पाखड त्याच्या तोंडीं लागूं देऊं नये. निजण्यास गोणपाटांत भात्याण भरून जाड गादी करावी, नाहींतर स्वतःच्याच भारानें कोंपरांस घट्टे पडून तीं चिघळतात. पिसाळीची लस प्रतिवर्षीं टोंचावी.

राहिला बिबळ्या. त्यास कुत्रें हें भक्ष्यच होय. हिमालयांतील मेंढपाळ आपल्या दांडग्या, केंसाळ कुत्र्यांच्याही गळ्यांत लोखंडी कांट्यांचे पट्टे घालतात, मग आंखूड केंसांच्या ग्रेट डेनची काय कथा! तो भुंकून जागें करील, एवढीच अपेक्षा करावी. रात्रीं साखळीनें बाहेर बांधलेलें कुत्रें म्हणजे बिबळ्यापुढें वाढलेलें ताट. गंगी रात्रीं पडवींत, दार लावून असते.

या जातीचें आयुष्य बहुधा सात ते दहा वर्षें. जगांत सर्वांत उंच म्हणून नोंदलेला अमेरिकेंतील झ्यूस हा ग्रेट डेन १११.८ सेंटिमीटर उंच होता. तो २०१४ सालीं, पांच वर्षांचा असतांना मेला. गंगीस सातवें वर्ष लागलें आहे. तोंडावरचे केंस पांढरे झाले असून पायऱ्या चढतांना ती मागचे पाय ओढते. गेल्या दिवाळींत ओट्याची एक बाजू फोडून तेथें तिच्यासाठीं उतार करून घेतला.