जॅकी मिचेल

बेसबॉल हा अमेरिकेतला खेळ आहे. तो थोडा क्रिकेटसारखा असतो, पण त्यात स्टंप नसतात. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो. तीनदा चांगला चेंडू मारता आला नाही की फलंदाज बाद.

जॅकी मिचेल ही १७ वर्षांची डावखुरी मुलगी पिचर होती. २ एप्रिल १९३१ रोजी चॅटनूगा शहरात तिने बेब रूथ आणि लू गेरिग या नामांकित खेळाडूंना लागोपाठ बाद केले. तिसऱ्याला चार चेंडू वाईट पडले, मग तिला बसवले. कोणी म्हणतात, ते दोघे मुद्दाम बाद झाले. १९३७ साली तिने खेळ सोडला.

मधल्या सुट्टीत पोरं आम्हां मुलींना बॉलिंग देत नाहीत. एकदा द्या, मग बघा!