रशियन परीकथांचा देश: कथेने न सांगितलेले आणि चित्रकारांनी रंगवलेले

रशियन लोककथा डोळ्यांना दिसेल असे फार थोडे सांगते. बाबा यागा या जंगलातल्या चेटकिणीची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी असते, तिचे कुंपण माणसांच्या हाडांचे असते, ती उखळात बसून मुसळाने ते हाकते आणि खराट्याने मागची वाट पुसत जाते, इतपत तपशील मिळतो. पण राजकन्या आली की तिचे रूप शब्दांत मावणार नाही, असे ठरलेले सूत्र म्हणून निवेदक पुढे सरकतो. राजपुत्र इव्हानचा अंगरखा कसा होता, राजवाड्याचे छत कसे होते, हे सांगायला कोणी थांबत नाही. आज ‘रशियन परीकथा’ म्हटल्यावर जे नक्षीदार, लाल-सोनेरी जग डोळ्यांपुढे येते, ते कथांत नव्हतेच. १८८० ते १९१० या तीसेक वर्षांत थोड्या चित्रकारांनी ते घडवले.

त्याआधी कथा कागदावर याव्या लागल्या. ते काम अलेक्सांद्र अफानास्येव (१८२६–१८७१) याने केले. तो कायद्याचा पदवीधर होता आणि मॉस्कोत परराष्ट्र खात्याच्या दप्तरखान्यात नोकरीला होता. गावोगाव हिंडून कथा टिपणारा तो नव्हे. रशियन भौगोलिक संस्थेकडे जमलेली हस्तलिखिते आणि कोशकार व्लादिमिर दाल याने सोपवलेला साठा यांतून त्याने १८५५ ते १८६३ या काळात आठ भागांत सुमारे ६०० कथा छापल्या. एकाच कथेची अनेक रूपे शेजारी-शेजारी ठेवण्याची त्याची शिस्त त्या काळात विरळा होती. त्याच्या धार्मिक दंतकथांच्या संग्रहावर सेन्सॉरने बंदी घातली, १८६२ मध्ये नोकरी गेली, आणि रशियाला तिचे कथाधन देणारा हा माणूस दारिद्र्यात क्षयाने वारला. पुढे लोककथांचा अभ्यासक व्लादिमिर प्रॉप याने १९२८ मध्ये परीकथेच्या रचनेतल्या ३१ क्रिया वेगळ्या काढून दाखवल्या, त्या याच संग्रहातल्या शंभर कथांच्या आधारे.

कथांना चित्रे त्यापूर्वीही होती. ‘लुबोक’ नावाची, लाकडी ठशांवरून छापलेली स्वस्त चित्रे सतराव्या शतकापासून बाजारात विकली जात आणि शेतकऱ्यांच्या भिंतींवर लागत. अठराव्या शतकातल्या एका प्रसिद्ध लुबोकमध्ये बाबा यागा डुकरावर स्वार होऊन मगरीशी लढायला निघाली आहे. अशी लढाई कोणत्याही परिचित कथेत नाही. झार पीटरची ती टवाळी असावी असे काही अभ्यासक मानतात.

सुशिक्षितांच्या चित्रकलेत परीकथा आणली ती व्हिक्टर व्हास्नेत्सोव्ह (१८४८–१९२६) याने. तो व्यात्का प्रांतातल्या खेड्यात, पाद्र्याच्या घरात वाढला होता. रेल्वे उद्योजक साव्वा मामोन्तोव याने दोनेत्स्क कोळसा रेल्वेच्या कार्यालयासाठी त्याच्याकडे चित्रे मागितली. ‘पाताळातल्या तीन राजकन्या’ हे त्यांतले एक. कथेतल्या राजकन्या तांबे, चांदी आणि सोने यांच्या राज्यांतल्या. व्हास्नेत्सोव्हने त्यांना सोने, रत्ने आणि कोळसा यांच्या केले. काळ्या वेषातली ती धाकटी राजकन्या दोनेत्स्कच्या खाणींमुळे जन्मली. संचालक मंडळाला मात्र ही चित्रे कार्यालयाला शोभणारी वाटली नाहीत आणि मामोन्तोव कुटुंबानेच ती विकत घेतली. मॉस्कोजवळच्या अब्राम्त्सेवो इथल्या मामोन्तोवच्या वाडीत चित्रकारांचा राबता असे. तिथे व्हास्नेत्सोव्हने आराखडा केलेली कोंबडीच्या पायांची लाकडी झोपडी आजही उभी आहे. त्याचे ‘अल्योनुश्का’ (१८८१) आणि ‘करड्या लांडग्यावर इव्हान राजपुत्र’ (१८८९) घराघरांत पोचले. पण ही तैलचित्रे आहेत, कथेतला एक क्षण गोठवून धरणारी. कथा पानोपानी चित्रांतून वाचता यावी, हे काम दुसऱ्याचे.

इव्हान बिलिबिन (१८७६–१९४२) हा पीटर्सबर्गजवळ जन्मलेला, चित्रकार इल्या रेपिनचा शिष्य. १८९९च्या उन्हाळ्यात तो त्वेर प्रांतातल्या येग्नी या खेड्यात राहिला. तिथली घनदाट अरण्ये, लाकडी घरांवरचे कोरीवकाम, भरतकाम हे सारे त्याच्या वहीत उतरले. त्याच सुमारास व्हास्नेत्सोव्हचे ‘बोगातिरी’ हे प्राचीन वीरांचे चित्र पाहून तो भारावून गेला होता. १९०१ ते १९०३ या काळात त्याची परीकथांची सहा सचित्र पुस्तके निघाली, तीही सरकारी नोटा छापणाऱ्या छापखान्यातून. रंगीत शिळामुद्रणाची उत्तम साधने तिथे होती आणि बिलिबिनच्या रेषेला ती हवीच होती. आधी पेन्सिलीचे रेखाटन, मग ते जाड कागदावर उतरवणे, मग टोक तिरके कापलेल्या कुंचल्याने शाईची अखंड बाह्यरेषा आणि शेवटी सपाट जलरंग, ही त्याची पद्धत. या नेमकेपणामुळे सहकारी त्याला ‘लोखंडी हाताचा इव्हान’ म्हणत.

त्याचे सामर्थ्य पाहायचे तर ‘रूपवती वासिलिसा’ उघडावी. सावत्र बहिणींनी विस्तव आणायला पाठवलेली वासिलिसा रात्री जंगलातून चालते. एक शुभ्र स्वार जातो आणि उजाडते, लाल स्वार जातो आणि सूर्य उगवतो, काळा स्वार जातो आणि रात्र पडते. कथेत ही तीन वाक्ये आहेत. बिलिबिनने प्रत्येक स्वाराला स्वतंत्र चित्र दिले आणि तीन वाक्यांचा एक पूर्ण दिवस झाला. परतताना वासिलिसाच्या हातात काठीवर खोचलेली, डोळ्यांतून उजेड फेकणारी कवटी असते. याच कवटीच्या आगीत सावत्र आई आणि तिच्या मुली जळून राख होणार आहेत. बिलिबिनची वासिलिसा मात्र घाबरलेली नाही, सावध आहे. कथेतल्या मुलीच्या स्वभावाचा याहून नेमका अर्थ क्वचितच कोणी लावला असेल.

१९०२ नंतर तो व्होलोग्दा, अर्खांगेल्स्क, ओलोनेत्स या उत्तरेच्या प्रांतांत संग्रहालयासाठी वस्त्रे गोळा करत आणि लाकडी चर्चेसची छायाचित्रे घेत हिंडला. त्याचा परिणाम कवी पुश्किनच्या ‘झार साल्तान’च्या १९०५च्या चित्रांत दिसतो. पीपात कोंडलेल्या राणीला वाहून नेणाऱ्या लाटेवर जपानी चित्रकार होकुसाईची छाया स्पष्ट आहे, तर राजदरबार सतराव्या शतकातल्या मॉस्कोचा आहे. लोककथेला काळ नसतो, तो तिला बिलिबिनने दिला: पीटरपूर्व रशियाचा. ही निवड इतकी पक्की रुजली की पुढच्या रंगभूमीला आणि चित्रपटांना तीच अस्सल वाटली.

त्याच्या आयुष्याला राजकारणाचे तडाखे बसले. १९०६ मध्ये झारवर व्यंगचित्र काढल्याबद्दल त्याला काही काळ अटक झाली. १९१७ मध्ये हंगामी सरकारसाठी त्याने मुकुट नसलेला दुतोंडी गरुड रेखाटला, जो पुढे रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नाण्यांवर आला. १९२० मध्ये देश सोडून तो कैरोत आणि मग पॅरिसमध्ये राहिला, १९३६ मध्ये लेनिनग्राडला परतला. दुसऱ्या महायुद्धात शहराला पडलेल्या वेढ्याच्या पहिल्याच हिवाळ्यात शहर सोडायला नकार देऊन फेब्रुवारी १९४२ मध्ये तो मरण पावला.

रंगमंचाने कथेशी अधिक मोकळीक घेतली. संगीतकार स्त्राविन्स्कीचे ‘अग्निपक्षी’ हे बॅले जून १९१० मध्ये पॅरिसला झाले. त्यातली कथा कोणत्याही एका लोककथेतली नाही. सोनेरी सफरचंदे चोरणारा पक्षी आणि अंड्यात प्राण लपवलेला कश्चेई, ही दोन वेगळ्या कथांतली पात्रे तिथे एकत्र आली.

व्यावसायिक चित्रकारांपासून दूर, पालेख या खेड्यात परीकथेला वेगळेच रूप मिळाले. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या धार्मिक प्रतिमा रंगवत. क्रांतीनंतर त्यांचा धंदा बसला. इव्हान गोलिकोव्ह आणि त्याच्या सोबत्यांनी कागदाच्या लगद्याच्या काळ्या लाखी डब्यांवर, अंड्याच्या बलकात घोटलेल्या त्याच जुन्या रंगांनी चित्रे काढायला सुरुवात केली आणि १९२४ मध्ये सहकारी मंडळी स्थापन केली. संतांच्या जागी अग्निपक्षी, तीन घोड्यांची त्रोइका आणि राजपुत्र आले. लांबट शरीरे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आणि सोन्याची बारीक रेघ मात्र प्रतिमांतलीच राहिली. ते सोने लांडग्याच्या दाताने घासून चमकवण्याची रीत पालेखने सोडली नाही, आणि तिथल्या कलाशाळेत हेच तंत्र अजून शिकवले जाते.