गोळी सुटते तेव्हा

नसरापूरहून वेल्ह्याला जाताना वाटेत मार्गासनी लागतं. राजगडला निघालेले ट्रेकर इथूनच गुंजवण्याकडे वळतात. मनाच्या आजाराचा रुग्ण याच रस्त्याने उलटा, पुण्याकडे जातो. पण बहुतेक वेळा फार उशिरा. आधी देवऋषी होतो, अंगारा होतो, ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ हेही ऐकून होतं.

समजा, घरातला विशीतला मुलगा रात्र-रात्र जागतो, आंघोळ टाळतो, शेजारी आपल्यावरच टपलेत म्हणतो, जवळ कुणी नसताना उत्तरं देतो. हा स्किझोफ्रेनिया असू शकतो. तो बहुधा पंधरा ते तिशीच्या दरम्यान डोकं वर काढतो, बायकांमध्ये थोडा उशिरा. आईच्या वळणाचा किंवा कुणाच्या नजरेचा त्यात काही दोष नसतो.

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. कशाकडे लक्ष द्यायचं, कशाकडे नाही, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. भाताच्या खाचरात पाणी हवंच, पण बांध फुटून ते वर चढलं की सगळंच बुडतं. डोपामिनचंही तसंच. त्याचा तोल गेला की रस्त्यावरून जाणाऱ्याचं खोकणंसुद्धा आपल्यासाठी केलेली खूण वाटू लागते. डोपामिनचा निरोप पेशी जिथं घेतात, ती जागा या आजारावरची गोळी काही अंशी अडवते. झोप लवकर सुधारते. आवाज आणि संशय ओसरायला मात्र काही आठवडे लागतात. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून डॉक्टर बदलू नये.

खरी गोची पुढेच आहे. मुलगा कामाला लागतो, हसतो-बोलतो, आणि घरचेच म्हणतात, आता कशाला गोळ्या? गोळी बंद होते आणि काहीच बिघडत नाही. आजार बहुतेकदा लगेच परतत नाही. काही आठवडे, कधी काही महिने जातात. तेवढ्यात घराची खात्री पटते की गोळी उगाचच चालली होती. आजार उलटतो तेव्हा बंद केलेली गोळी कुणाला आठवत नाही, अमावास्या आठवते. सुस्ती, वाढलेलं वजन, हातांची थरथर हे त्रास खरे आहेत, पण ते डॉक्टरांना सांगायचे. औषध किंवा मात्रा बदलता येते. रोजची गोळी जमत नसेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शनही मिळतं.

सुरुवात आशाताईपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. तिथून चिठ्ठी घेऊन औंधचं जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडलीच तर येरवड्याचं मनोरुग्णालय. तेवढंही बाहेर पडवत नसेल तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे. तो 2022 पासून सुरू आहे, मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली आहे, आणि विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला सांगितलं आहे.

कायद्याने शब्द मात्र बदलत नाहीत. ते माणसांना बदलावे लागतात. कॅनडातल्या कॅल्गरीत प्राध्यापकी केलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा हा आजार घरात पाहिला, आणि 1997 साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या, याच आजारावरच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच होते. असोसिएशनसारख्या संस्थांच्या स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. मला आधी हे शब्द जरा भारदस्त वाटले होते. पण ‘येडं’ म्हणून हाक मारण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

यंदा भातलावणीला त्या पोरालाही बोलवा. गोळीमुळे सकाळी डोळा उघडत नसेल, तर त्याला थोडं उशिरा येऊ द्या.