बांध तेवढेच, जमीन निम्मी

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा नीरा डावा कालवा जमिनीचा उतार सांभाळत वळणे घेतो. त्याच्या, चाऱ्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला शेतांचे कोपरे नेहमी काटकोनात बसतातच असे नाही. अशा तिरक्या शेतातच शाळेतला समांतरभुज चौकोन उपयोगी पडतो.

समजा, एका शेताचे समोरासमोरचे बांध समांतर आहेत आणि चारही बांध ३३० फुटांचे आहेत. एका कोपऱ्याचा कोन लगतच्या कोनाच्या पाचपट आहे. मग कोन किती? लगतच्या दोन कोनांची बेरीज १८० अंश. लहान कोन क्ष मानला, तर ६क्ष = १८०, म्हणजे क्ष = ३०. लगतचा कोन १५०. संमुख कोन सारखे असतात, तेव्हा उरलेले दोन न मोजताच कळले.

आता क्षेत्र पाहू. कोपरे काटकोनात असते, तर जमीन १०० गुंठे, म्हणजे अडीच एकर भरली असती. पण ३० अंशांच्या कोनामुळे समोरासमोरच्या बांधांमधले लंब अंतर १६५ फूटच उरते आणि क्षेत्र होते ५० गुंठे!

लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त पिशाचच म्हटले आहे. तेव्हा वाटणी असो वा खरेदी, टेप धरून बांध मोजलेत तरी कोपऱ्याचा कोन पाहिल्याशिवाय गुंठ्यांचा हिशेब मांडू नका. घरातल्या आठवी-नववीच्या मुलालाही सोबत न्या. पुस्तकातला ‘क्ष’ त्याला बांधावर भेटेल.